शीव, वय आणि खाते : वारजे परिसराच्या संदर्भात लोकशिक्षण व बालकल्याण यांच्या शासकीय कारभाराचा विचार

१. विषयाची मांडणी

पुणे शहराच्या नैर्ऋत्येस, मुठा नदीच्या काठी, खडकवासल्याकडे जाणाऱ्या वाटेवर वारजे वसलेले आहे. १९९७ पर्यंत ते हवेली तालुक्यातील एक गाव होते. त्या वर्षी पुणे महानगरपालिकेची हद्द वाढविण्यात आली तेव्हा ते शहरात समाविष्ट झाले. त्या वेळी घेतलेल्या गावांपैकी काही गावे पुढे वगळण्यात आली; वारजे मात्र शहरातच राहिले. एखाद्या गावाची गणना एका सत्तेकडून दुसऱ्या सत्तेकडे जाणे ही घटना महसूल, पाणीपुरवठा, घरपट्टी या दृष्टींनी नेहमी अभ्यासली जाते. परंतु त्या गावातील मुलाच्या दृष्टीने या घटनेचा अर्थ काय, त्याच्या शिक्षणाची व संगोपनाची जबाबदारी आधी कोणाकडे होती व नंतर कोणाकडे गेली, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. तो विचारावयाचा तर वारज्यासारख्या शिवेवरील गावाइतके सोयीचे उदाहरण दुसरे नाही.

प्रस्तुत निबंधात असे दाखविण्याचा यत्न आहे की, गेल्या सुमारे दोनशे वर्षांत आपल्याकडील शिक्षणकारभाराचे एकक तीन वेळा बदलले. प्रथम ते करदाता रयत हे होते, नंतर शाळा हे झाले, आणि अगदी अलीकडे, तेही कायद्याच्या शब्दांतच अधिक, मूल हे झाले. या प्रत्येक अवस्थेने आपल्यामागे एकेक रेषा ठेवली : गाव व शहर यांमधील, सहा वर्षांच्या आतील व सहा वर्षांवरील मुलांमधील, आणि वेतन व मानधन यांमधील. या रेषा वेगवेगळ्या काळी व वेगवेगळ्या हेतूंनी आखल्या गेल्या. आज त्या एकाच मुलाच्या अंगावरून जातात. कारभाराच्या परिभाषेत या रेषांच्या खुणा स्पष्ट उमटलेल्या असल्याने शब्दांचाही विचार येथे ओघाने करावा लागेल.

२. पट्टी आणि पाठशाळा

‘हवेली’ हे तालुक्याचे नावच बोलके आहे. मुसलमानी अमदानीतील महसुली परिभाषेत ठाण्याच्या शहराभोवतीच्या आणि त्या ठाण्याला थेट जोडलेल्या मुलखास हवेली म्हणत. म्हणजे वारज्यासारखी गावे शहराची नव्हती, पण शहराला लागून व शहराच्या आधाराने राहणारी होती. १८१८ मध्ये पेशवाई संपली तेव्हा शहरातील विद्येचा राजाश्रय दक्षिणेच्या रूपाने चालत होता. खेड्यांत जेथे काही शिक्षण होते तेथे ते पंतोजीच्या खाजगी शाळेत, मुख्यतः मोडी वाचन, लेखन आणि हिशेब एवढ्यापुरते होते. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली ती दक्षिणेच्या परंपरेशी सांधा राखून. १८२३ च्या आपल्या शिक्षणविषयक टिपणात त्याने देशी शाळांची सुधारणा व त्यांची वाढ यांवर भर दिला खरा. परंतु खेड्यातील शाळेचा भार कोणत्या पैशावर उचलावयाचा याचे उत्तर त्या काळी मिळाले नाही.

या प्रश्नाला पुणे जिल्ह्यातच एक लक्षणीय उत्तर शोधले गेले. १८३६ च्या सुमारास पुरंदर तालुक्यात, पाहणीखात्यातील शॉर्टरीड या अधिकाऱ्याच्या सूचनेवरून, अल्प पगाराचे शिक्षक नेमून गावोगाव साध्या शाळा काढण्यात आल्या. या शाळा विद्वानांच्या मंडळीने नव्हे, तर महसुली यंत्रणेच्या आधाराने उभ्या राहिल्या, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. शेतसारा ठरविणारा हात तोच शाळा काढणारा हात होता. खेड्यातील शिक्षण आणि जमिनीवरील कर यांची जी सांगड पुढे कायम झाली तिचे हे पूर्वरूप होय.

१८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर मुंबई इलाख्यात १८५५ मध्ये स्वतंत्र शिक्षणखाते निर्माण झाले. ‘खाते’ हा शब्द मूळचा हिशेबाच्या वहीतला. ज्याचा जमाखर्च वेगळा त्याचे खाते वेगळे, हा त्यातील अर्थ आहे. शिक्षणाला खाते मिळाले याचा अर्थ त्याला स्वतंत्र जमाखर्च मिळाला. त्यातील जमेची बाजू १८६३ पासून भरू लागली. जमीनमहसुलाच्या दर रुपयामागे एक आणा अशी पट्टी बसविण्यात आली आणि तिच्या उत्पन्नाचा तिसरा हिस्सा शाळांकडे व उरलेला रस्ते इत्यादी कामांकडे जाऊ लागला. १८६९ च्या कायद्याने या पट्टीला पक्के अधिष्ठान दिले. तेव्हापासून ग्रामीण भागात सरकारी शाळेवर जो खर्च होई त्यातील मोठा वाटा प्रत्यक्ष रयतेने भरलेला असे.

पण रयतेचा पैसा रयतेच्याच मुलांवर खर्च होत होता काय? हाच प्रश्न जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात लावून धरला. शेतकऱ्यांच्या श्रमातून येणारा महसूल वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि प्राथमिक शिक्षण मात्र उपेक्षित राहते, असा त्यांचा मुद्दा होता. निदान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, शिक्षक शेतकरीवर्गातून घ्यावेत व त्यांना पुरेसा पगार द्यावा, या त्यांच्या मागण्या होत्या. फुले यांना पुण्याच्या नगरपालिकेच्या सभासदत्वाचा अनुभव होता, त्यामुळे शहर व खेडे या दोहोंचे हिशेब त्यांना जवळून ठाऊक होते.

याच काळात आणखी एक तक्रार ऐकू येत होती. खेड्यांतून गोळा झालेल्या पट्टीचा काही भाग शहरांतील शाळांवर खर्च होत असे आणि नगरपालिका त्या मानाने थोडाच भार उचलीत. म्हणून हंटर आयोगाने शहरी व ग्रामीण शाळांसाठीचे निधी वेगवेगळे ठेवावेत अशी शिफारस केली. १८८४ मध्ये स्थानिक स्वराज्याचे नवे कायदे झाले. तेव्हापासून लोकलबोर्डाच्या शाळा व नगरपालिकेच्या शाळा अशी विभागणी रूढ झाली. येथे एक गोष्ट स्पष्टपणे नोंदविली पाहिजे. वारजे आणि पुणे यांच्या दरम्यान शिक्षणाच्या कारभारात जी रेषा पुढे शतकभर राहिली ती मुळात खेड्यावर अन्याय करण्यासाठी आखलेली नव्हती. उलट खेड्याचा पैसा खेड्यात राहावा म्हणून ती आखली गेली होती. न्यायासाठी आखलेली रेषा पुढे अडचणीची कशी झाली, हा या इतिहासातील खरा अभ्यासाचा भाग आहे.

३. बोर्डाची शाळा

लोकलबोर्डाच्या काळात शाळा हेच कारभाराचे एकक बनले. गावात शाळा आहे की नाही, तिचा पट किती, हजेरी किती, निकाल काय, याच प्रश्नांभोवती तपासणीची सारी यंत्रणा फिरत होती. खेड्यात ‘दिपोटी’ या नावाने ओळखला जाणारा डेप्युटी इन्स्पेक्टर वर्षातून एकदा येई तो शाळा पाहावयास. गावातील जे मूल शाळेत नाही ते त्याच्या दृष्टीच्या कक्षेतच नसे. या संदर्भात शाळेच्या दप्तरातील तीन शब्द पाहावेत. ‘पट’ हा संस्कृत शब्द मुळात वस्त्र, फलक अशा अर्थाचा. त्यावरून नावांची यादी असा अर्थ आला. ‘हजेरी’ आणि ‘दाखला’ हे दोन्ही अरबीतून फारसीच्या वाटेने आलेले. पहिल्यात उपस्थित असण्याची व दुसऱ्यात आत येण्याची कल्पना आहे. म्हणजे शाळेच्या दप्तराची संपूर्ण परिभाषा आत आलेल्या व उपस्थित असलेल्या मुलाची आहे. बाहेर राहिलेल्या मुलासाठी तिच्यात बराच काळ शब्दच नव्हता. ‘शाळाबाह्य’ हा शब्द सरकारी कागदांत रुळला तो फार अलीकडे.

सक्तीच्या शिक्षणाची कल्पना हीच या अवस्थेला छेद देणारी होती. कारण सक्ती करावयाची तर शाळेची नव्हे, गावातील सर्व मुलांची यादी करावी लागते. बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचा प्रयोग केला व १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू केला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. पुढील वर्षी ते फेटाळले गेले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची अंमलबजावणी सुरू केली. मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने १९१८ चा कायदा झाला, परंतु तो नगरपालिकांपुरता होता आणि सक्ती करावी की नाही हे ठरविण्याची मुभा त्यांना होती. हंटर आयोगाच्या काळातील रेषा येथे पुन्हा दिसते : सक्तीची कल्पना प्रथम शहरात शिरली, आणि हवेलीतील गावे शिवेपलीकडे राहिली. १९२३ च्या कायद्याने जिल्हा लोकलबोर्डांनाही प्राथमिक शिक्षणाची सत्ता मिळाली व ‘स्कूलबोर्ड’ हा शब्द खेड्यापर्यंत पोचला. स्वातंत्र्यानंतर लगोलग १९४७ चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा आला आणि स्कूलबोर्डांच्या कारभाराची नवी घडी बसली. त्यात लोकनियुक्त मंडळाशेजारी प्रशासनाधिकाऱ्याचे स्थान अधिक भक्कम झाले.

लोकलबोर्डाची शाळा सर्व गावांत मुळीच नव्हती, हे सांगावयास वारज्याच्या शेजारचाच पुरावा आहे. वारज्याला लागून असलेल्या हिंगणे बुद्रुक येथे धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये स्थापन केलेला अनाथ बालिकाश्रम १९०० मध्ये आणला. पुढे त्यांच्याच नावावरून त्या गावाचे कर्वेनगर झाले आणि आज महानगरपालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाच्या नावात वारजे व कर्वेनगर ही दोन्ही जोडून येतात. कर्वे यांचे स्त्रीशिक्षणाचे कार्य सर्वश्रुत आहे. त्या मानाने त्यांचे १९३६ मधील कार्य विस्मृतीत गेले आहे. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केले. ज्या खेड्यांत जिल्हा लोकलबोर्डाची शाळा नाही तेथे प्राथमिक शाळा काढणे हे त्याचे उद्दिष्ट होते. या एका वाक्यात त्या काळच्या कारभाराचे परीक्षण सामावलेले आहे. पट्टी बसविल्यास सत्तर वर्षे उलटून गेल्यानंतर, पट्टी भरणाऱ्या गावांतील शाळेसाठी एका वृद्ध गृहस्थाला वर्गणी गोळा करावी लागत होती.

४. मूल हा स्वतंत्र विषय

शिक्षणाचा कारभार शाळेभोवती फिरत असता मुलाचा विचार झाला तो दुसऱ्याच बाजूने : निराधारपणाच्या. पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये बालहत्याप्रतिबंधक गृह काढले. पंढरपूर येथे १८७५ मध्ये अनाथ बालकाश्रम सुरू झाला. कर्वे यांच्या संस्थेच्या नावातही ‘अनाथ’ हेच विशेषण होते. ‘अनाथ’ या शब्दाचा मूळ अर्थ ज्याला नाथ, म्हणजे पालनकर्ता, नाही असा. त्यात मुलाच्या हक्काची कल्पना नाही. पालनकर्त्याच्या अभावाची आहे. तो अभाव भरून काढणे हे समाजाच्या दयेचे काम मानले जाई. शासन दुरून पाही.

शासन या क्षेत्रात शिरले ते मुख्यतः दंडव्यवस्थेच्या दाराने. सुधारशाळांचे कायदे आधी झाले. मुंबई इलाख्याचा मुलांचा कायदा १९२४ मध्ये आला व त्याची जागा १९४८ च्या कायद्याने घेतली. ‘रिमांड होम’ हा कोठडीची आठवण देणारा शब्द कित्येक वर्षे सर्वतोमुखी होता. ‘निरीक्षणगृह’ व ‘बालगृह’ हे शब्द कागदोपत्री आल्यानंतरही तो लवकर गेला नाही. १९८६ चा बालन्याय कायदा सर्व देशाला लागू झाला. त्यात मुलगा सोळा वर्षांपर्यंत व मुलगी अठरा वर्षांपर्यंत बालक मानली गेली. २००० च्या कायद्याने दोघांसाठी अठरा हीच मर्यादा केली, आणि २०१५ च्या कायद्याने ती कायम ठेवली. अशा रीतीने शिक्षणाच्या दप्तरातील मूल आणि न्यायाच्या दप्तरातील मूल यांची वयेही निराळी राहिली.

तिसरी वाट बालशिक्षणाची. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम केल्यानंतर १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. १९४५ मध्ये त्यांनी ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचा प्रयोग सुरू केला. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या, आणि १९५७ मध्ये कार्य कोसबाड येथे गेले. या प्रयोगाने मराठीला व पुढे सर्व देशाला जे शब्द दिले ते विशेष लक्षणीय आहेत. बालमंदिरात मूल यावे लागते; बालवाडीत त्याच्या वाढीला वाव मिळतो; पण वस्तीवरचे मूल जेव्हा बालवाडीतही येईना तेव्हा शाळाच त्याच्या अंगणात नेण्यात आली व तिला ‘अंगणवाडी’ हे नाव मिळाले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ‘कुरणशाळा’ झाली. पट, हजेरी, दाखला ही जी आत येण्याची परिभाषा वर सांगितली तिच्या नेमकी उलट दिशा या शब्दांत आहे : येथे संस्था मुलाकडे जाते. मराठी शिक्षणपरिभाषेच्या इतिहासात याहून मोठे स्थित्यंतर क्वचितच सापडेल.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना प्रथम ३३ प्रकल्पांत सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्राला हेच नाव देण्यात आले. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, संदर्भसेवा, माता-भगिनींना आहार व आरोग्याचे शिक्षण, आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण अशा सहा सेवा तिच्यात गोवलेल्या आहेत. शब्द कोसबाडचा राहिला. परंतु त्यामागची स्थानिक संस्था जाऊन त्या जागी देशव्यापी योजना आली.

५. १९६२ ते १९९७ : एका छपराखाली व नंतर

१९६१ च्या अधिनियमाने महाराष्ट्रात जिल्हा परिषदा स्थापन झाल्या व १ मे १९६२ पासून त्यांचा कारभार सुरू झाला. ग्रामीण प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. पुढे अंगणवाड्या आल्या तेव्हा ग्रामीण प्रकल्पांचा कारभारही जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागाच्या कक्षेत बसला. म्हणजे वारजे गाव असताना तेथील चार वर्षांचे मूल व दहा वर्षांचे मूल ही दोन्ही एकाच संस्थेच्या दोन विभागांच्या जबाबदारीत येत होती. विभाग दोन होते, अधिकारी दोन होते, त्यांच्यात सदैव मेळ होता असेही नव्हे. परंतु दोघांच्या वर सभा एक होती, आणि गावकऱ्याला दाद मागावयाची तर एकच दार होते.

१९९७ मध्ये वारजे शहरात आले तेव्हा ही मांडणी बदलली. शहराच्या हद्दीत प्राथमिक शिक्षण हे महानगरपालिकेचे कार्य. त्या वेळी ते शिक्षण मंडळामार्फत चाले. अंगणवाडीची गोष्ट निराळी. शहरी भागातील अंगणवाडी प्रकल्प महानगरपालिकेकडे नसतात. ते राज्यशासनाच्या एकात्मिक बालविकास यंत्रणेशी थेट जोडलेले असतात. महानगरपालिका स्वतःच्या शाळांतून बालवाड्या चालविते त्या पुन्हा वेगळ्या. याचा परिणाम असा की, गावात असताना जी रेषा एका संस्थेच्या आत होती ती शहरात आल्यावर दोन सत्तांच्या मध्ये आली. सहा वर्षांच्या आतील मूल राज्याचे, सहा वर्षांवरील मूल महानगरपालिकेचे, आणि निराधार ठरल्यास तेच मूल बालकल्याण समितीचे, अशी त्रिविध व्यवस्था झाली. शहरात आल्याने सोयी वाढतात हे खरे. पण जबाबदारी एकवटत नाही, ती विभागली जाते, हे या उदाहरणावरून दिसते.

हस्तांतर म्हणजे केवळ पाटी बदलणे नव्हे, याचीही जाणीव ठेवावयास हवी. शाळेची इमारत, तिची जागा, तिच्यावरील शिक्षक, त्यांची सेवाज्येष्ठता व निवृत्तिवेतन, आणि दप्तर या प्रत्येकाचा निकाल स्वतंत्रपणे लावावा लागतो. यांपैकी इमारत व शिक्षक यांना विचारणारे कोणी तरी असते. इमारतीला किंमत असते व शिक्षकांना संघटना असते. मुलाचे नाव मात्र केवळ दप्तरात असते. जे मूल पटावर आहे ते शाळेबरोबर आपोआप नव्या सत्तेकडे जाते. जे पटावरच नाही त्याचे हस्तांतर होत नाही, कारण त्याची नोंद देणाऱ्याकडेही नसते व घेणाऱ्याकडेही नसते. वारज्यासारख्या, महामार्गालगत झपाट्याने इमारती उभ्या राहिलेल्या उपनगरात बांधकामावर येणाऱ्या कुटुंबांची मुले नेमकी याच वर्गात मोडतात. काम संपले की कुटुंब पुढच्या जागी जाते. ती जागा शिवेच्या आत असेल वा बाहेर. २०१७ मध्ये शिवणे व आणखी काही गावे आणि २०२१ मध्ये कोंढवे-धावडे धरून तेवीस गावे महानगरपालिकेत आली. १९९७ मध्ये शिवेवर असलेले वारजे आता आत गेले आणि शीव पुढे सरकली. शिवेबरोबर वरील प्रश्नही पुढे सरकला; सुटला नाही.

६. वेतन व मानधन

तिसरी रेषा मुलांमधील नसून मुलांना सांभाळणाऱ्यांमधील आहे. पण तिचा परिणाम मुलांवरच होतो. प्राथमिक शिक्षकाला वेतन मिळते, अंगणवाडी सेविकेला मानधन. संस्कृतात ‘मानधन’ हा बहुव्रीही समास; मान हेच ज्याचे धन तो मानधन. मराठीत तो उलटून मानाखातर द्यावयाची रक्कम असा अर्थ झाला. वक्त्याला वा परीक्षकाला दिलेल्या रकमेस हा शब्द शोभतो, कारण त्याची उपजीविका तीवर नसते. रोजच्या, नेमून दिलेल्या, नोंदवह्या भरून तपासल्या जाणाऱ्या कामास तो लावला की शब्द मानाचा राहतो आणि हक्क मात्र वगळले जातात. ‘सेविका’ या पदनामातही हीच छटा आहे. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेबरोबर १९६० मध्ये भाषा संचालनालय निर्माण झाले आणि १९६२ मध्ये पदनाम कोश प्रसिद्ध झाला. तेव्हापासून पदनामे घडविण्याचा आपला अनुभव मोठा आहे. पदनाम ही केवळ भाषांतराची बाब नसून दर्जा ठरविण्याची बाब असते, याचे अंगणवाडी सेविका हे ठळक उदाहरण होय. २००० मध्ये आलेले ‘शिक्षणसेवक’ हे पदनाम त्याच जातीचे : शिक्षक म्हटले असते तर वेतनश्रेणी द्यावी लागली असती.

न्यायालयीन निर्णयांतही या शब्दांचा प्रवास दिसतो. अमीरबी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका या शासकीय नागरी पदाच्या धारक नाहीत असे ठरविले होते. २५ एप्रिल २०२२ रोजी मणिबेन भारिया प्रकरणात त्याच न्यायालयाने त्यांना उपदान अधिनियम लागू होतो असा निर्णय दिला. तेव्हा मिळणाऱ्या रकमेचे नाव काहीही असो, ती कामाचा मोबदला आहे, ही गोष्ट मान्य झाली. कोणत्याही बालविकास योजनेचे यश ती चालविणारी स्त्री त्या वस्तीत किती वर्षे टिकते यावर पुष्कळसे अवलंबून असते. म्हणून हा केवळ सेवाशर्तींचा प्रश्न नव्हे.

७. नोंद कोणाची?

घटनेच्या मूळ ४५ व्या अनुच्छेदात चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत सर्व बालकांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा निर्देश होता; त्यात वयाची खालची मर्यादा नव्हती. २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण मूलभूत हक्क झाले, व सहा वर्षांखालील मुलांचे संगोपन व शिक्षण ४५ व्या अनुच्छेदात निर्देश म्हणून राहिले. म्हणजे हक्क बळकट झाला त्याच क्षणी वयाची रेषाही घटनेत कोरली गेली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने, जो १ एप्रिल २०१० पासून अमलात आला, सहा वर्षांवरील मुलांसाठी शासनाने शाळा ‘दिलीच पाहिजे’ असे म्हटले आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी व्यवस्था ‘करता येईल’ असे म्हटले. क्रियापदाच्या या दोन रूपांत बालकल्याणाची सारी आर्थिक बाजू सामावलेली आहे.

तथापि याच कायद्याच्या ९ व्या कलमात एक तरतूद अशी आहे की, तिचे महत्त्व पुरेसे ओळखले गेलेले नाही. आपल्या हद्दीत राहणाऱ्या चौदा वर्षांपर्यंतच्या बालकांची नोंद ठेवणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य ठरविले आहे. येथे ‘शाळेत असणाऱ्या’ असे म्हटलेले नाही, ‘राहणाऱ्या’ असे म्हटले आहे. आणि सहा वर्षांची खालची मर्यादाही घातलेली नाही. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहण्याचे कर्तव्यही त्याच कलमात आहे, आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यास उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही असे ५ वे कलम सांगते. शंभर-सव्वाशे वर्षे ‘दाखला’ हा आत येण्याचा परवाना होता. आता कायद्याच्या दृष्टीने तो केवळ एक कागद झाला. एककाचा जो बदल आरंभी सांगितला तो येथे पूर्ण होतो : नोंद शाळेची नव्हे, मुलाची.

अडचण अशी की, ज्या प्राधिकरणावर हे कर्तव्य आहे त्याच्याकडे शहरात अंगणवाडीचा कारभारच नाही. सहा वर्षांच्या आतील मुलांची प्रत्यक्ष माहिती अंगणवाडी सेविकेच्या नोंदवहीत असते आणि ती वही दुसऱ्या सत्तेकडे जाते. २०१३ मध्ये १९४७ चा प्राथमिक शिक्षण कायदा रद्द झाला व शिक्षण मंडळे मावळण्याच्या मार्गाला लागून त्यांचे काम महानगरपालिकांच्या शिक्षण विभागांकडे आले. पण या फेरबदलात पाच वर्षांच्या मुलाचे नाव एका वहीतून दुसऱ्या वहीत कोणी उतरवावयाचे याची व्यवस्था झालेली दिसत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे. धोरणाच्या पातळीवर सहाव्या वर्षाची रेषा अशा रीतीने पुसली गेली. कारभाराच्या पातळीवर ती आहे तशीच आहे.

८. समारोप

वरील विवेचनावरून जो निष्कर्ष निघतो तो असा. गाव व शहर यांमधील रेषा १८८० नंतरच्या दशकात खेड्याच्या पैशाच्या रक्षणासाठी आखली गेली. सहा वर्षांची रेषा योजना व हक्क यांच्या मर्यादा ठरविताना पक्की झाली. आणि वेतन-मानधनाची रेषा खर्चाच्या काटकसरीने टिकविली. यांपैकी एकही रेषा मुलाच्या गरजेवरून आखलेली नाही. प्रत्येक वेळी शासनाने आपली सोय पाहिली, आणि ती सोय त्या त्या काळी समर्थनीयही असेल; परंतु त्या सर्व सोयींची बेरीज ही मुलाची सोय होत नाही. ज्यांची घरे स्थिर आहेत त्यांना या रेषा जाणवतही नाहीत. ज्यांची घरे दरवर्षी हलतात त्या मुलांच्या वाट्याला या रेषा ओलांडणे वारंवार येते आणि दर ओलांडणीत नाव गळण्याचा संभव असतो.

म्हणून सुधारणेचा आरंभ नव्या खात्याने करण्याची आवश्यकता नाही. ९ व्या कलमातील नोंद खरोखर ठेवली जावी, अंगणवाडीची वही व शाळेचा पट यांची दरवर्षी समक्ष पडताळणी व्हावी, आणि हद्दवाढीच्या प्रत्येक हस्तांतरात इमारती व कर्मचारी यांच्या याद्यांबरोबर मुलांचीही यादी, शाळेत नसलेल्यांसह, देणे-घेणे बंधनकारक असावे, एवढे झाले तरी पुष्कळ होईल. इतिहासाच्या अभ्यासकांनाही येथे मोठे काम आहे. हवेली तालुक्यातील जुन्या शाळांची जनरल रजिस्टरे, लोकलबोर्डाची व जिल्हा परिषदेची दप्तरे आणि समाविष्ट गावांच्या हस्तांतराचे कागद यांचा एकत्र अभ्यास केल्यास एखाद्या गावातील किती मुले कोणत्या रेषेवर गळाली हे आकड्यांनिशी सांगता येईल. कर्व्यांनी १९३६ मध्ये ज्या गावांत शाळा नाही ती गावे शोधली; ज्या मुलाची नोंद नाही ते मूल शोधणे हे त्याच कामाचे पुढचे पाऊल होय.